होल्टर तपासणीचे परीक्षण: दारूनंतर पहाटे येणारी छातीतली कळ शोधताना

नाशिकमधील एका खासगी हृदयतपासणी केंद्रात माझ्या थोरल्या भावाची होल्टर तपासणी झाली, म्हणजे अंगावर वागवायच्या छोट्या यंत्राने हृदयाचा ईसीजी सलग नोंदवला गेला; आधी चोवीस तासांची आणि काही आठवड्यांनी तीन दिवसांची. या दोन तपासण्यांच्या उपयोगात जमीन-अस्मानाचा फरक पडला आणि तो का पडला, हेच या परीक्षणात सांगायचे आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण ज्या उणिवा मी लिहिणार आहे त्या या एका केंद्रापुरत्या असतील असे मला वाटत नाही. दारू घेतलेल्या रात्रीनंतर पहाटे ज्यांच्या छातीत कळ येते आणि दिवसा केलेली प्रत्येक तपासणी ज्यांची निर्दोष निघते, अशा माणसांच्या घरच्यांनी हे वाचावे. यंत्र चांगले आहे आणि ते लावणारी माणसेही मनापासून काम करणारी आहेत. सेवा कमी पडते ती रुग्णाला प्रश्न विचारण्यात आणि अहवाल वाचण्यात.

भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षाची बाग करतो. वय पन्नाशीच्या आतले, सिगारेटची जुनी सवय आणि शनिवारी मित्रमंडळींत बसून व्हिस्की. छाटणीच्या दिवसांत तो दिवसभर बागेत उभा असतो, औषधाचे पंप उचलतो, पण कधी दम लागला नाही की छातीत दुखले नाही. कळ यायची ती रविवारी पहाटे चार-पाचच्या सुमारास, झोपेतून जाग आणणारी: छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखे, जबड्यापर्यंत चढणारे, अंगाला गार घाम, आणि दहा मिनिटांत सगळे ओसरलेले. आपल्याकडे अशा दुखण्याचे नाव ठरलेले असते, पित्त. रात्रीचे तिखट मटण आणि त्यावर दारू, म्हणजे पित्त होणारच, असे घरातल्या प्रत्येकाने सांगितले. मग सोडा, थंड दूध, पित्ताची गोळी. उजाडल्यावर दवाखान्यात काढलेला ईसीजी स्वच्छ, इकोही चांगला आणि दुपारी पट्ट्यावर चालवून घेतलेली टीएमटीसुद्धा नॉर्मल.

या नॉर्मल अहवालांनी घर निश्चिंत झाले. मात्र ज्या आजाराची शंका पुढे आली, त्यात दिवसाचे अहवाल नॉर्मल येणे हे लक्षणाशी जुळणारेच असते. १९५९ साली लॉस एंजेलिसचे डॉक्टर मायरन प्रिन्झमेटल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांना श्रम करताना काहीच होत नाही, पण विश्रांतीत, बहुधा रात्री किंवा पहाटे, छातीत दुखते आणि त्या वेळी ईसीजीमधला एसटी नावाचा भाग वर उचलला जातो. पुढे इटलीतील पिसा येथे अत्तिलिओ मासेरी यांच्या गटाने दाखवून दिले की यात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी काही मिनिटांसाठी स्वतःच आवळली जाते. तिच्यात चरबीचा अडथळा असेल वा नसेल. आवळण्याने रक्त थांबते, सैलावल्यावर पुन्हा वाहू लागते आणि मागे काही खूण राहत नाही. जपानचे हिरोफुमी यासुए यांनी १९७९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली, ती टीएमटीचा दाखला देऊन निर्धास्त होणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे: अशा रुग्णांना पहाटे व्यायाम करायला लावला तर धमनी आवळण्याचा हा झटका येतो, आणि तोच व्यायाम तीच माणसे दुपारी बिनतक्रार करतात. आमच्या भावाची टीएमटी दुपारी तीनला झाली होती.

दारूचा या आजाराशी असलेला संबंध तर वेळेच्या अंतरामुळेच लपतो. पेला हातात असताना दुखले असते तर कारण शेंबड्या पोरालाही कळले असते. प्रत्यक्षात दारू घेतल्यावर सुरुवातीला रक्तवाहिन्या सैलावतात, अंग ऊबदार होते आणि माणसाला बरे वाटते. कळ येते ती काही तासांनी, रक्तातले मद्य उतरत असताना, म्हणजे उत्तररात्री. जपानमध्ये अशा रुग्णांना देखरेखीखाली मद्य देऊन जी निरीक्षणे झाली, त्यांतही झटके असेच तासांच्या अंतराने आले. यामागची कारणे एकाहून अधिक असावीत. दारूमुळे लघवीवाटे मॅग्नेशियम जास्त बाहेर टाकले जाते; धमनीच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरले की ते आवळतात आणि मॅग्नेशियम हे त्या कॅल्शियमला आवर घालणारे द्रव्य आहे. दारू पचताना ॲसिटाल्डिहाइड तयार होते, ते निकामी करणारे एक विकर जपान, चीन आणि कोरियातील पुष्कळ लोकांत जन्मतःच दुबळे असते. थोडी दारू घेताच त्यांचा चेहरा लालबुंद होतो, आणि कुमामोतो येथील संशोधकांना धमनी आवळण्याच्या आजाराच्या रुग्णांत ही जनुकीय ठेवण अधिक प्रमाणात आढळली. भारतात ती ठेवण विरळ आहे. पण म्हणून आपल्याकडे धोका नाही असे म्हणता येत नाही, कारण तंबाखू, थंडी, मानसिक ताण आणि पहाटेच्या वेळी स्वयंचलित मज्जासंस्थेत होणारे चढउतार ही बाकीची निमित्ते इथेही आहेतच. निफाडची डिसेंबर-जानेवारीतली पहाट कशी असते, हे राज्यातले नीचांकी तापमान वर्तमानपत्रात वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. दारू, सिगारेट, अपुरी झोप आणि ती थंडी, सगळे एकाच रात्री एकत्र येत होते.

यात एक जुनी समजूतही आड येते. लंडनचे विल्यम हेबर्डन यांनी १७७२ मध्ये हृदयातून उठणाऱ्या छातीदुखीचे, म्हणजे अँजायनाचे, पहिले नेमके वर्णन छापले, तेव्हा झोपताना घेतलेल्या वाइनने रात्रीचे झटके टळतात किंवा सौम्य होतात, असेही त्यांनी लिहिले होते. आपल्याकडे अजून छातीत दुखले की ब्रँडीचा घोट पुढे करणारे वडीलधारे आहेत आणि महाराष्ट्रात मद्यसेवनाचा परवानाही कागदोपत्री आरोग्य जतन करण्यासाठीच दिला जातो. या साऱ्यामुळे दारू हृदयाचे काही बिघडवत असेल, ही शंका माणसाच्या मनात लवकर येत नाही, आणि आली तरी तो ती डॉक्टरांसमोर बोलत नाही. म्हणूनच जे केंद्र रात्रीची छातीदुखी शोधायला यंत्र लावते, त्याने हा प्रश्न स्वतःहून विचारायला हवा.

पहिल्या तपासणीच्या दिवशी तो विचारला गेला नाही. नोंदणीच्या टेबलावर नाव, वय, मधुमेह, रक्तदाब आणि चालू औषधे विचारली. आत एका तरुणाने छातीवरचे केस काढले, त्वचा स्पिरिटने पुसून खरखरीत कापडाने घासली आणि पाच पॅच चिकटवून तारा शर्टाच्या आतून कमरेच्या पाकिटात सोडल्या. हात सफाईदार होता, पॅच चोवीस तासांत एकदाही सुटला नाही. नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस पाठीवरून वाहून नेलेले पहिले यंत्र सुमारे ३८ किलो वजनाचे होते. आताचे खिशात मावते, झोपताना कुशीखाली येत नाही, याचे श्रेय या तंत्राला द्यायलाच हवे. सोबत मिळालेली नोंदवही मराठीत होती, हेही कौतुकाचे. तीत वेळ, काय करत होतात, काय त्रास झाला, कोणते औषध घेतले, असे रकाने होते. मात्र दारू-तंबाखूचा रकाना नव्हता, आणि उलट सूचनापत्रकात तपासणीच्या काळात हलका आहार घ्यावा, जागरण टाळावे, मद्यपान व धूम्रपान करू नये असे छापले होते.

सल्ला म्हणून त्यात चुकीचे काही नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की भावाने ते चोवीस तास पथ्यपाण्यात काढले, रात्री नऊला वरण-भात खाऊन झोपला आणि होल्टरने एका सज्जन मंगळवाराची नोंद केली. अहवालात हृदयाचे सुमारे एक लाख ठोके मोजलेले होते, सर्वांत मंद आणि सर्वांत जलद गती होती, चुकार ठोक्यांची संख्या होती, आणि शेवटी एक ओळ होती की लक्षणीय अनियमितता आढळली नाही. एसटी भागाबद्दल अवाक्षर नव्हते. होल्टर मुख्यतः ठोक्यांच्या तालासाठी सांगितला जातो आणि दारूच्या संदर्भातही डॉक्टरांना आधी तालच आठवतो, कारण सुट्टीत भरपूर पिऊन आलेल्यांच्या हृदयाची लय बिघडते हे अमेरिकेतील फिलिप एटिंजर यांनी १९७८ मध्ये दाखवून दिल्यापासून ती गोष्ट सर्वपरिचित आहे. पण आमची तक्रार धडधडण्याची नव्हती, दुखण्याची होती. चिठ्ठीवर छातीदुखी असे स्पष्ट लिहिलेले असताना एसटीचा आलेख न छापणे, ही मी या सेवेची सर्वांत मोठी उणीव मानते.

सुदैवाने नंतर ज्या हृदयरोगतज्ज्ञांना आम्ही दाखवले, त्यांनी भावाला पहिलाच प्रश्न विचारला तो दुखण्याआधीच्या संध्याकाळचा. किती पेग, किती वाजता, सोबत सिगारेट किती, आणि कळ किती तासांनी. भावाने थोडे आढेवेढे घेतले, मग सगळे सांगितले. त्यांनी दारू आणि सिगारेट त्याच दिवसापासून बंद करायला सांगितली, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी लिहून दिली, ती बसूनच घ्यायची आणि दारू पोटात असताना तिने रक्तदाब एकदम उतरून घेरी येऊ शकते हेही बजावले, आणि त्याच केंद्रात बारा लीडचे, म्हणजे हृदयाचा आलेख बारा बाजूंनी टिपणारे, तीन दिवसांचे होल्टर लावायला पाठवले. चिठ्ठीवर एसटीचे विश्लेषण हवे असे लिहून.

या वेळी आम्हाला केंद्रातल्या वरिष्ठ तंत्रज्ञ बाई मिळाल्या आणि तीच सेवा निराळी वाटली. दहा पॅच लावल्यावर त्यांनी भावाला उताणे झोपवले, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या, मग उभे केले, आणि प्रत्येक स्थितीत मिनिटभर थांबून नोंद घेतली. कूस बदलल्यावर एसटी भाग आपोआप थोडा हलतो आणि नंतर तो आजार म्हणून वाचला जाऊ शकतो, म्हणून आधीच मोजून ठेवायचे, असे त्यांनी समजावले. दुखताच दाबायचे बटण त्यांनी डोळे मिटून शोधायला लावले, कारण पहाटे अंधारात तेच करावे लागणार होते. चिठ्ठी वाचून त्यांनी दारूबद्दल विचारले. भावाने चाचरत विचारले, “मग ताई, एखाद्या रात्री थोडी घेऊन बघू का, म्हणजे सापडेल तरी?” त्या म्हणाल्या, “मुद्दाम अजिबात घ्यायची नाही काका, जीवावर बेतेल. पण घेतलीच, तर आमच्यापासून लपवायची नाही. वेळ लिहायची, किती ते लिहायचे. इथे तुम्हाला कोणी रागावणार नाही.” या तीन-चार वाक्यांसाठी मी या केंद्राला पूर्ण गुण देईन. छापील पत्रकातल्या मनाईपेक्षा त्यांनी खरी माहिती कितीतरी अधिक मिळवली असती, आणि मिळवलीही.

कारण त्याच आठवड्यात गावात साखरपुडा होता आणि भावाने डॉक्टरांचे सांगणे मोडले. त्याचे समर्थन मी करणार नाही. तो फार मोठा धोका होता. पण नोंदवहीत त्याच्या वाकड्या अक्षरात रात्री साडेनऊ ते अकरा, तीन पेग, पाच सिगारेटी असे प्रामाणिकपणे लिहिलेले होते, आणि त्याखाली पहाटेची नोंद: चार पन्नास, छाती आवळली, बटण दाबले, गोळी घेतली. अहवालात त्या वेळी हृदयाच्या खालच्या भागाचे चित्र दाखवणाऱ्या तिन्ही लीडमध्ये एसटी ठळकपणे वर गेलेला होता आणि काही मिनिटांत तो पुन्हा मूळ रेषेवर आलेला होता. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे साडेतीनच्या सुमारास असाच एक झटका येऊन गेला होता, ज्यात भाऊ गाढ झोपेत होता आणि त्याला काहीही कळले नव्हते. या आजारात असे न दुखणारे झटके येतात, आणि त्यातल्या एखाद्यात हृदयाची लय घातक रीतीने बिघडू शकते. अहवालात दोन्ही झटक्यांच्या पट्ट्या जोडल्या होत्या, नोंदवहीतल्या वेळा शेजारी मांडल्या होत्या, आणि यंत्र परत दिल्यावर दुपारीच केंद्राने स्वतःहून फोन करून ताबडतोब डॉक्टरांना भेटायला सांगितले. छापील अहवालासाठी दोन दिवस लागतील असे आधी सांगितलेले असताना त्यांनी थांबवून ठेवले नाही, हे विशेष.

पुढे अँजिओग्राफीत मोठा अडथळा सापडला नाही. काही रुग्णालयांत अशा वेळी धमनीत ॲसिटिलकोलीन सोडून आवळण्याची चाचणी करतात. आमच्या डॉक्टरांनी होल्टरच्या पट्ट्या पुरेशा मानल्या. आता भाऊ डिल्टियाझेमवर आहे. कॅल्शियमला अडवणारी ही औषधे या आजारात मुख्य मानली जातात आणि बरे वाटू लागले म्हणून ती मनाने एकाएकी थांबवायची नसतात. उलट, हृदयासाठी एरवी सर्रास दिली जाणारी बीटा ब्लॉकर जातीची, विशेषतः प्रोप्रॅनोलोलसारखी औषधे यात झटके वाढवू शकतात. योग्य निदानाचे महत्त्व यावरून कळावे. दारू आणि सिगारेट बंद आहे. दारू कमी करून चालेल का, असे त्याने विचारले होते. ज्याची धमनी दारूनंतर आवळते हे कागदावर दिसले आहे, त्याच्यासाठी सुरक्षित माप सांगता येत नाही, असे उत्तर डॉक्टरांनी दिले आणि ते मला पटते.

ही सेवा कोणासाठी नाही, तेही लिहायला हवे. छातीत दुखत असतानाच होल्टरची वेळ घ्यायला कोणी जाऊ नये. दुखणे पाच-दहा मिनिटांत थांबले नाही, घाम सुटला, श्वास लागला, तर १०८ ला फोन करून जवळचे रुग्णालय गाठायचे; पित्त की हृदय हा निवाडा घरी करायचा नाही. सॉर्बिट्रेटने आराम पडला म्हणजे हृदयच, असेही ठरत नाही, कारण अन्ननलिकेची उबळही त्या गोळीने सैलावते. लैंगिक क्षमतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेणाऱ्यांनी ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवून सॉर्बिट्रेट जवळ बाळगू नये, रक्तदाब जीवघेणा कोसळतो. आणि होल्टर निर्दोष आला, तर त्या दिवसात झटका आला नाही एवढेच त्याने सिद्ध होते.

दराबद्दल: चोवीस तासांच्या साध्या तपासणीचे अडीच हजार रुपये पडले आणि तीन दिवसांच्या बारा लीडच्या तपासणीला जवळजवळ दुप्पट, शिवाय यंत्रासाठी परत मिळणारी अनामत. दुसरी तपासणी महाग नाही. महाग पडली ती पहिली, कारण तिने उत्तर न देता निश्चिंती दिली. बाहेरगावाहून येणाऱ्यांना यंत्र परत करायला सकाळी अकराच्या आत पोहोचावे लागते, ही अट शेतकऱ्यांना आणि एसटी बसने येणाऱ्यांना जाचक आहे आणि ती सैल करायला हरकत नसावी. स्वच्छता, वागणूक, पॅचचा दर्जा यांबाबत तक्रार नाही. फक्त घट्ट चिकटवलेल्या पॅचखाली भावाच्या छातीवर पुरळ उठले होते, ते चार दिवस राहिले. वेळ घेताना फोनवर लीड किती, एसटीचा आलेख मिळणार का आणि अहवाल हृदयरोगतज्ज्ञ पाहतात का, हे विचारून घ्यावे, आणि वरिष्ठ तंत्रज्ञ बाई असतील तोच दिवस मागावा. नोंदवहीत आदल्या संध्याकाळी काय घेतले, किती आणि कधी, असा रकाना छापावा, असे मी केंद्राला लेखी कळवले आहे. तो छापला जाईपर्यंत नोंदवहीचे शेवटचे कोरे पान त्यासाठी वापरावे, अहवाल तयार करताना ते पान वाचले जाते.